योसेफाचा दुसरा विचार

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त, आगमनकाळातील एका सायंकाळी तुळिंज येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा मजसारख्या निवृत्त शाळामास्तरास झाली, ह्याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. धर्मज्ञानाने मजहून थोर असे पुष्कळ जण समोर बसले आहेत. त्यांस शिकवावे असे माझ्यापाशी काही नाही. मला विषय देण्यात आला तो असा : आगमनकाळ व आशा. ह्यावर चार ग्रंथांतून वेचून तासभर बोलता आले असते, आणि आपणही नेहमीच्या सौजन्याने ते ऐकून घेतले असते. परंतु आशा म्हणजे काय हे मी ग्रंथांतून शिकलो नाही. आणि जेथे शिकलो ती जागा दाखविल्यावाचून तिच्याविषयी बोलणे हा एक प्रकारचा अप्रामाणिकपणा होईल. धर्मगुरूंस मी आधी सर्व सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, जे खरे आहे ते बोला, बाकीचे देवावर सोपवा." म्हणून आज उभा राहिलो आहे.

आगमनकाळ हा आपल्या उपासना-वर्षाचा आरंभ होय. संत आंद्रेयाच्या सणास, म्हणजे ३० नोव्हेंबरास, सर्वांत जवळचा जो रविवार, त्या दिवशी तो सुरू होतो व चार रविवार ओलांडून नाताळच्या पूर्वसंध्येस संपतो. वेदीवर जांभळे वस्त्र येते, महिमास्तोत्र थांबते. पण आलेलुया थांबत नाही. उपवासकाळात तो शब्दही आपण मिटून ठेवितो. ह्या काळात मात्र तो चालू राहतो, आणि तिसऱ्या रविवारी तर जांभळ्याच्या जागी गुलाबी रंग येऊन आनंदाची आठवण करून दिली जाते. संत बर्नार्डांनी प्रभूची तीन आगमने सांगितली आहेत : पहिले बेथलेहेमात झाले, शेवटचे युगाच्या अंती व्हावयाचे आहे, आणि ह्या दोहोंच्या मधले आगमन मनुष्याच्या अंतःकरणात, कोणास न दिसता, रोज होत असते.

वाट पाहणेही एकाच प्रकारचे नसते. नालासोपाऱ्याच्या फलाटावर पहाटेच्या गाडीची वाट पाहणारा मनुष्य रिकाम्या हाताने उभा असतो. त्याला हवे ते अद्याप दूर आहे, आणि ते येईपर्यंतचा त्याचा काळ निव्वळ वाया जातो. गरोदर स्त्रीचे वाट पाहणे निराळे. ती ज्याची वाट पाहते ते तिच्यापाशीच आहे; दिसत नाही, पण हालते आहे. ख्रिस्तसभा चार आठवडे आपणास ह्या दुसऱ्या प्रकारचे वाट पाहणे शिकविते, आणि त्यासाठी धन्य कुमारी मरियेस आपल्यापुढे उभी करिते. मी मात्र माझे अर्धे आयुष्य फलाटावरच्या माणसाप्रमाणे घालविले. ते कसे, हे आता सांगतो.

मी समलिंगी प्रवृत्तीचा पुरुष आहे.

हे वाक्य मी साठी उलटल्यावर आज प्रथमच चारचौघांत उच्चारीत आहे. आवाज कापला असेल तर क्षमा असावी. आमच्या तरुणपणी ह्या गोष्टीस आम्हा खेड्यातल्या मुलांपाशी धड शब्द नव्हता. जे शब्द होते ते शिव्यांतले आणि टिंगलीतले. ते मला लागू आहेत असे स्वतःस सांगण्यापेक्षा मुके राहणे बरे वाटे. आता समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी असे सभ्य शब्द मराठीत रुळले आहेत, आणि नवी मुले ह्या सर्वांस मिळून क्वीअर असेही म्हणतात. शब्द मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. २३ डिसेंबरास जे शुभवर्तमान वाचले जाते त्यात जखऱ्याची कथा येते. तो कित्येक महिने मुका होता. त्याने पाटी मागवून तीवर मुलाचे खरे नाव लिहिले, आणि त्याची जीभ सुटली. मी जन्मभर पाटी-खडूचा धंदा केला. पण स्वतःविषयीचा हा एक शब्द पाटीवर लिहिण्यास मला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

सोळाव्या वर्षी मला स्वतःची ओळख पटली, आणि तेव्हापासून प्रत्येक आगमनकाळात मी एकच मागणे मागू लागलो : ह्या नाताळास माझ्यातील हे काढून घे. मी उपास करी, रोझरीचे पाचही भेद गुडघ्यांवर म्हणे. मग मध्यरात्रीची मिस्सा होई; सर्वांबरोबर रांगेत उभा राहून मी बाळ येशूच्या मूर्तीचे चुंबन घेई; आणि घरी परतताना ध्यानात येई की मी होतो तसाच आहे. मग पुढच्या वर्षाची वाट पाहावयाची. गाडी आली नाही, पुढची येईल, ह्या भरवशावर मी बारा आगमनकाळ काढले. प्रभु माझ्यात काय करू इच्छितो, हे त्या बारा वर्षांत एकदाही विचारले नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी घरी लग्नाची बोलणी सुरू झाली. आगमनकाळात लग्नाचा थाट करू नये अशी आपल्या लोकांची जुनी चाल. त्यामुळे ह्या चार आठवड्यांत स्थळे पाहावयाची, सुपारी फोडावयाची, आणि नाताळ आटोपला की बार उडवावयाचा, असा क्रम असे. शेजारच्या गावातील एक मुलगी सांगून आली. घर चांगले, मुलगी शिकलेली. वडीलधारी ओट्यावर बसून देण्याघेण्याचे बोलत होती, आणि आम्हां दोघांस वाडीत बावखलाच्या काठी थोडे बोलण्यास मोकळीक दिली होती. तिचा चेहरा पाहून मला कळून चुकले की ही प्रामाणिक मुलगी आहे आणि मी हिला फसविण्यास आलो आहे. मी तिला सांगितले. नीट सांगता आले नाही. शब्द नव्हते हे मघाशी म्हटलेच आहे. एवढेच म्हणालो की पतीस पत्नीविषयी जी ओढ असावी लागते ती माझ्यात नाही व पुढे उत्पन्न होईल असे वाटत नाही, मग लग्न कोणाशीही होवो.

ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "घरी ठाऊक आहे?"

मी म्हणालो, "नाही."

ती म्हणाली, "मग तुम्ही घरी काही बोलू नका. मी पाहते."

दुसऱ्या दिवशी तिच्या घरून निरोप आला, की मुलीस स्थळ पसंत नाही. त्या काळी मुलीने असा नकार देणे म्हणजे काय होते, हे आपल्यातील वडील मंडळींस सांगावयास नको. तिच्या वडिलांनी तिला फार बोल लावले. गावात म्हणू लागले की शिकलेली पोर गर्विष्ठ निघाली, मास्तरासारखा मुलगा हिला चालला नाही. पुढली दोन-तीन वर्षे तिला स्थळ आले नाही. तिने आपल्या आईपाशीही खरे कारण काढले नाही. एका वाक्यात तिची सुटका झाली असती, आणि त्याच वाक्यात माझी नोकरी, माझ्या आईची मान आणि बहुधा माझे प्राणही गेले असते. ते वाक्य ती बोलली नाही. पुढे तिचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. आता ती ह्या जगात नाही. तिचे नाव व गाव मी सांगणार नाही. तिने माझे झाकले, मी तिचे झाकतो.

ह्यानंतर काही वर्षांनी एका प्रवचनात, ते कोठे व कोणी केले हे सांगण्याचे प्रयोजन नाही, अशा माणसांस देवाच्या घरात जागा नाही असे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. मिस्सा अर्धी टाकून मी बाहेर पडलो, आणि दीर्घकाळ नाताळखेरीज देवळाची पायरी चढलो नाही. आई विचारी, मी शाळेच्या कामाचे निमित्त सांगे. ते खोटे बोलणे मला त्या प्रवचनाहूनही अधिक टोचे.

माझे वडील डिसेंबरच्या १८ तारखेस वारले होते. त्यांच्या पुण्यतिथीच्या मिस्सेस एके वर्षी आईस सोबत म्हणून मला जावे लागले. आपल्या वाचनक्रमात १७ डिसेंबरास प्रभूची वंशावळ वाचली जाते आणि १८ तारखेस संत योसेफाची कथा. मी भिंतीस टेकून, लक्ष नसल्यासारखा ऐकत होतो. मरियेचे वाग्दान योसेफाशी झालेले आहे. ती गर्भवती असल्याचे दिसून येते. योसेफ नीतिमान आहे. आणि शुभवर्तमानकार मत्तय लगेच सांगतो की हा नीतिमान मनुष्य तिची बेअब्रू करू इच्छीत नव्हता. बंधुभगिनींनो, त्या क्षणी मला बावखलाचा काठ दिसला. नियमशास्त्र हाती असता ते दुसऱ्यावर न उगारणे, सत्य ठाऊक असता त्याचा दगड न करणे, आणि त्यापायी स्वतःवर आलेला बोल सोसणे, ह्यास पवित्र शास्त्र नीतिमत्त्व म्हणते. आणि असे नीतिमत्त्व मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. ते माझ्यासाठीच वेचले गेले होते. देवाने मला टाकले असे मी वर्षानुवर्षे म्हणत होतो, आणि त्याने तर माझ्याकडे त्या मुलीस धाडले होते. मधले आगमन म्हणून संत बर्नार्ड ज्याला म्हणतात ते होऊन गेले होते. माझे डोळे फलाटाच्या टोकाशी लागले असल्यामुळे मला ते दिसले नव्हते. त्या आठवड्यात मी एका वृद्ध धर्मगुरूंपाशी पापनिवेदन केले आणि वेदीपाशी परतलो.

परंतु योसेफाची कथा येथे संपत नाही, आणि आजचे माझे मुख्य बोलणे ह्यापुढेच आहे. योसेफाचा पहिला विचार असा होता की तिला गुपचूप सोडून द्यावे. हा विचार सज्जनाचा होता. त्यात क्रौर्य नव्हते, तमाशा नव्हता. पण त्यात मरियेस घरही नव्हते. देवदूताने त्याला दुसरा विचार दिला : भिऊ नकोस, तिला आपल्या घरी आण. पहिल्या विचाराने योसेफ भला माणूस ठरला असता. दुसऱ्याने तो संत झाला. आणि तो दुसरा विचार त्याने अमलात आणला नसता तर गोठ्यातल्या बाळास दाविदाचा पुत्र म्हणून कोणी नाव दिले असते?

माझ्यासारख्या माणसांविषयी आपल्या समाजात आजवर जे बरे घडले ते बहुतेक पहिल्या विचाराचे आहे. ठाऊक असून न बोलणे, पाहून न पाहिल्यासारखे करणे, ही दया मला पुष्कळ मिळाली व तिच्यावर मी जगलो. पण गुपचूप सोडलेला मनुष्य अखेर एकटाच असतो. दुसरा विचार म्हणजे घरी आणणे. तो ख्रिस्तसभेच्या मनात उमटत आहे काय, हे पाहू. आणि ऐकीव गोष्टींवर न जाता ती खरोखर काय शिकविते तेथून आरंभ करू.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथातील २३५७ ते २३५९ ही तीन कलमे ह्या विषयावर आहेत. समलिंगी संबंध ख्रिस्तसभा मान्य करीत नाही हे त्यांत स्पष्ट आहे. ती प्रवृत्तीही मूळ व्यवस्थेस सोडून आहे असे म्हटले आहे. हे वाचताना मला आजही लागते, आणि लागत नाही असे मी भासविणार नाही. विवाह हा पुरुष व स्त्री ह्यांचा संस्कार होय ही शिकवण कायम आहे. परंतु अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकार करावा, त्यांच्याशी अन्यायाचा भेदभाव करू नये, असेही तेथेच लिहिले आहे. शेवटच्या कलमात त्यांस शुद्धतेचे पाचारण सांगून, प्रार्थना, संस्कार व निरपेक्ष मैत्री ह्यांच्या आधाराने ते ख्रिस्ती परिपूर्णतेकडे जाऊ शकतात व त्यांनी जावे, असे म्हटले आहे. ख्रिस्ती परिपूर्णता म्हणजेच पावित्र्य. देवाच्या घरात जागा नाही, हे जे वाक्य मी ऐकले होते, ते ह्या ग्रंथात कोठेही नाही.

राज्याच्या कायद्याने मात्र आम्हांस दीर्घकाळ गुन्हेगार ठरविले. इंग्रजी अमलात १८६० साली केलेली दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३७७ व्या कलमाखाली दोन सज्ञान पुरुषांचा खाजगी संबंधही शिक्षेस पात्र होता. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ह्यातून सुटका दिली, आणि ११ डिसेंबर २०१३ रोजी, ऐन आगमनकाळात, सर्वोच्च न्यायालयाने ती परत घेतली. त्याच दिवसांत मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस ह्यांनी जाहीरपणे सांगितले, की समलिंगी विवाहास ख्रिस्तसभेचा विरोध असला तरी समलिंगी व्यक्तींस तिने कधी गुन्हेगार मानलेले नाही, आणि त्यांची प्रतिष्ठा इतर कोणाही मनुष्याइतकीच आहे. ते वृत्त मी कितीदा वाचले ह्याची गणती नाही. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सज्ञानांच्या खाजगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे असे साऱ्या जगास सांगितले. त्याच वर्षी १८ डिसेंबरास रोमहून एक घोषणापत्र निघाले : विवाहाविषयीची शिकवण न बदलता, व विवाहविधीचा भास होऊ न देता, आशीर्वाद मागण्यास आलेल्या समलिंगी जोडप्यांस धर्मगुरू साधा, उत्स्फूर्त आशीर्वाद देऊ शकतात. त्यावर जगभर पुष्कळ वाद झाला. आफ्रिकेतील बिशपांनी आपली असहमती कळविली. तो वाद सोडविण्याचा अधिकार माझा नव्हे. मी तारीख पाहिली. १८ डिसेंबर, योसेफास भिऊ नकोस म्हणून सांगण्यात आले त्या वाचनाचा दिवस.

आता आशा कोठे आहे व पावित्र्य कोठे आहे, ते पाहण्यास आपण फार दूर जाऊ नये. वसईच्याच भूमीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आपल्यापुढे आहेत. गास येथील चर्च त्यांच्याच नावाचे. पिता पोर्तुगीज, माता ह्या मातीची. जेज्वित धर्मगुरूंबरोबर हा मुलगा जपानात गेला, तेथील भाषा शिकला, सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. त्या संघात प्रवेश मिळावा अशी त्याची मनीषा होती. तो मिळाला नाही. त्याने व्यापार केला, यश मिळविले, पण मन त्यात रमले नाही. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिसकन संघात धर्मबंधू झाला, आणि जपानात परतला. १५९६ च्या डिसेंबरात, आगमनकाळाच्या दिवसांत, त्याला व त्याच्या सोबत्यांस पकडण्यात आले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांस क्रुसांवर चढविण्यात आले. ८ जून १८६२ रोजी नववे पोप पायस ह्यांनी त्यांस संतपद दिले. दंडसंहिता लागू झाली तेच हे वर्ष. कायद्याच्या वहीत माझ्यासारख्यांची नोंद गुन्हेगार म्हणून झाली, त्याच वर्षी रोमने आमच्या वसईच्या मुलाची नोंद संतांत केली.

गोन्सालो माझ्यासारखा होता असे मी सुचवीत नाही. कोणी तसा अर्थ काढू नये. मला त्याच्यापासून एकच धडा घ्यावयाचा आहे. ज्या दाराशी तो आठ वर्षे उभा होता ते उघडले नाही, म्हणून त्याने देवाचे घर सोडले नाही. आणि ते दार उघडले नाही म्हणून देवाने त्याचे पावित्र्यही अडवून धरले नाही. माझ्या तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी जे कोणी आज मागच्या बाकावर बसून, हे आपल्याविषयी बोलत आहेत काय अशा धडधडीने ऐकत असाल, त्यांस माझे हेच सांगणे आहे. लोकांनी मान्य केल्यावर मग मी पवित्र होईन, असे म्हणून थांबू नका. सत्य बोलणे, कोणासही न फसविणे, आजाऱ्याजवळ रात्र काढणे, आईबापांस म्हातारपणी सांभाळणे, देहाचा व मनाचा कोणी बाजार मांडू लागला तर त्यास नकार देणे, हे सर्व आज, आहात त्या स्थितीत, करता येते. आणि संत ह्याच मालाचे घडविले जातात. माझ्या स्वतःच्या आयुष्याचा जमाखर्च मी पापनिवेदनात देतो, व्यासपीठावर देत नाही. आपणही कोणी तो व्यासपीठावर देत नाही. पण एवढे सांगतो की मला मूल झाले नाही, तरी तेहतीस वर्षांत वर्गातून गेलेली मुले मी आपली मानली. संत योसेफाचेही रक्ताचे मूल शास्त्रात नमूद नाही. पण देवाचा पुत्र त्याच्या घरी लहानाचा मोठा झाला.

आणि कधी फार अंधार दाटला, जगू नये असे वाटले, तर त्या रात्री एकटे राहू नका. एका तरी विश्वासाच्या माणसाचे दार वाजवा. धर्मगुरूंचे वाजवा. माझे वाजवा, ते उघडे आहे.

आता आईबापांस विनंती. आपला मुलगा वा मुलगी धीर करून आपणास काही सांगेल, तर त्या घटकेस तोंडातून निघणारा शब्द जपून काढा. तो जन्मभर टिकतो. त्यांस घराबाहेर काढू नका. हा रोग समजून भगतांकडे वा बरे करून देतो म्हणणाऱ्यांकडे नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली, आणि आपल्या देशाच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली प्रवृत्ती बदलण्याचे असे 'उपचार' करणे हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरविले आहे. लग्न केले की सुधारेल, ह्या समजुतीने तर कोणा परक्याच्या लेकीचा अगर लेकाचा बळी देऊ नका. १९८३ च्या धर्मसंहितेचे १०९८ वे कलम सांगते, की वैवाहिक जीवनाचा गंभीर भंग करील अशी गोष्ट लपवून, फसवून मिळविलेली संमती हा विवाहच नव्हे. मला एका मुलीने त्या पापातून वाचविले. प्रत्येकास तशी मुलगी भेटत नाही.

आणि तुळिंजकर बंधुभगिनींस विनंती. आपले हे गाव भाडेकरूंचे. कोणी मंगळूरहून आला, कोणी केरळातून, कोणी गोव्याहून, कोणी मुंबईत जागा परवडेना म्हणून विरारची गाडी धरून. खोली शोधीत फिरणे म्हणजे काय, हे येथे प्रत्येकास ठाऊक आहे. आई गेल्यावर मी ह्या गावात आलो, तेव्हा पाच घरांनी विचारले, "कुटुंब आहे काय?" नाही म्हणताच दार लोटले. सहाव्या घरी एक म्हातारी म्हणाली, "एकटे असलात तर पाणी पुरेल." आणि किल्ली दिली. बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा नव्हती ही कथा आपण दर वर्षी डोळे पुसून ऐकतो. पण आपल्या बाकावर, आपल्या गायनमंडळात, आपल्या चाळीत, ज्याच्याविषयी कुजबुज चालते त्यास जागा देताना हात आखडतो. कुजबुज थांबविणे हा पहिला विचार झाला. त्यास नाताळच्या जेवणास बोलाविणे हा दुसरा.

२०२५ च्या पुण्यवर्षाचे बोधवाक्य आशेचे यात्रेकरू असे होते. त्या वर्षी ६ सप्टेंबर रोजी, आमच्या माथ्यावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला त्यास बरोबर सात वर्षे झाली त्या दिवशी, अनेक देशांतून आलेले हजाराहून अधिक समलिंगी व पारलिंगी कॅथॉलिक, त्यांचे आईबाप व मित्र रोम येथे संत पेत्राच्या महामंदिराच्या पवित्र दारातून क्रूस घेऊन आत गेले. आधी त्यांच्यासाठी एका बिशपांनी मिस्सा अर्पण केली होती. मी ती चित्रे पाहिली. आपल्या मुलाचा हात धरून चाललेली एक माता त्यांत होती. तिच्याकडे पाहून मला माझी आई आठवली. तिला मी अखेरपर्यंत सांगितले नाही. ती मला म्हणे, "एकटा राहू नकोस, देवळात जात जा." आज वाटते, तिला सर्व ठाऊक असावे.

आता पुरे करितो. येत्या आठवड्यात आपल्या अंगणात गोठा उभा राहील. दर वर्षी आपण बाळास मध्यभागी ठेवितो, मरियेस जवळ बसवितो, मेंढपाळ व राजे पुढे मांडतो. आणि योसेफास मागे, खांबाच्या आडोशास, हाती कंदील देऊन उभा करितो. ह्या वर्षी गोठा बांधणाऱ्या मुलांस माझी सूचना आहे की त्यास दाराशी उभे करावे. घरात घ्यावे की गुपचूप सोडावे, हा निर्णय त्याने तेथे घेतला. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकास त्याच्या कंदिलाचा उजेड तेथेच लागणार आहे.

पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या ओठी एक जुना अरामी शब्द असे : मारानाथा. प्रभु, ये, असा त्याचा अर्थ. तो येतच आहे. त्यास आपल्या ह्या धर्मग्रामात सर्व घरे उघडी सापडोत, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.